हिरव्या खणाचे अकरा तुकडे

मानेसर
२७ जानेवारी २०२५, सोमवार

अलका,

या घरात माझ्या हातचं काय काय आहे ते आधी लिहितो. यतीन फोनवर बोलत असताना मागून तुझा आवाज आला होता, ‘त्यांनी जन्मभर चिंध्याच जोडल्या.’ म्हणून यादी.

शर्ट नऊ. त्यातला निळ्या रेघांचा चौदा तुकड्यांचा आहे आणि खिशाची रेघ छातीच्या रेघेवर अशी बसवली आहे की खिसा शोधायला हात फिरवावा लागतो. पँटी चार. त्यातल्या दोन कारच्या सीटच्या कापडाच्या. तुझ्या मते चालताना त्या आवाज करतात. दोन्ही नाही, एकच करते. यतीनच्या शाळेच्या राखाडी चड्ड्या सहा, माझ्या जुन्या पँटींच्या पायांमधून. त्या तू अजून ठेवल्यास. तुझे परकर अकरा. ब्लाउज मी एकोणीसपर्यंत मोजले, बाकीचे तिकडे द्वारकेला यतीनकडे असतील. गोधड्या चार. पडदे. मशीनचं टोपडं. सिलिंडरचा झगा, जो बघून तू खाली बसून हसली होतीस. आणि ते जाकीट.

यातलं मला कुणी काही शिकवलेलं नाही. कारखान्यात सीटकव्हर बेतणारे वेगळे, शिवणारे वेगळे, मी तपासणारा. कुठला टाका सुटलाय ते सांगायचं एवढंच माझं काम. शर्ट कसा होतो ते मी जुना शर्ट उसवून शिकलो. एकेक भाग इस्त्री करून जमिनीवर मांडला आणि उलट्या क्रमाने परत जोडला. आणि एवढ्या सगळ्याला नवं कापड एक वीतही लागलं नाही. कारखान्यातले उरलेले तुकडे, दिल्लीतल्या गांधीनगरच्या बाजारात किलोवर मिळणारे कटपीस. बस.

आता ट्रंकेबद्दल. तुझ्या ट्रंकेत ओटीचे खण आणि ब्लाउजपीस मिळून त्रेचाळीस होते. वीस-पंचवीस वर्षं. ते कुणी शिवत नाही, हे तुला माहीत आहे. हळदीकुंकवाला एकीने द्यायचा, तिने पुढच्या वर्षी दुसरीच्या ओटीत घालायचा. तो जांभळा आठवतो? फरीदाबादच्या बाईंना आपण दिला होता, तीन वर्षांनी द्वारकेहून परत आपल्याच घरी आला. कोपऱ्यावर माझी पेनची खूण होती म्हणून कळलं. तू म्हणालीस, ‘फिरून आला बिचारा, राहू दे आता.’ मग असं कापड उरलेलं नाही तर काय? मला जाकिटाला अस्तर हवं होतं. मी ट्रंक उघडली. पाठीच्या मध्याला हिरवा लागत होता, हिरवा मिळाला. एवढंच झालं.

एवढ्यावरून तू आठ दिवस द्वारकेला आहेस.

यतीन म्हणाला, ‘बाबा, माझी पुण्याला बदली झालीय. अट्ठावीस फेब्रुवारीला फ्लॅट सोडायचा. आई आमच्याबरोबर येतेय.’ मी म्हटलं, किती दिवसांसाठी? तर म्हणाला, ‘बाबा, यार, ते तुम्ही आईला विचारा.’ तुला फोन करतो तर तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर दोन निळ्या खुणा आणि पुढे काही नाही. म्हणून कागदावर लिहितोय. कागदावर निळ्या खुणा येत नाहीत.

कारखान्याची बस सकाळी सहा चाळीसला येते ते तुला माहीतच आहे. डाळ जमते. पोळ्या विकत.

तुझी तपकिरी शाल इथे राहिली आहे. द्वारकेला थंडी असेल.

बळवंत


३ फेब्रुवारी, सोमवार

अलका,

शाल कुरिअरने पाठवली, ती मिळाल्याचं यतीनने कळवलं. पत्राबद्दल काही म्हणाला नाही.

त्या रविवारी काय झालं हे मी माझ्या बाजूने लिहितो, कारण तुझ्या बाजूने ते तिथे सगळ्यांनी पाहिलं.

मंडळाचा तिळगूळ समारंभ. शंभरेक माणसं, निम्म्यांनी मॉलमधली जाकिटं घातलेली. ती स्वरूपाबाई, शहापूर जाटला जिचं कपड्यांचं दुकान आहे, ती माझ्याभोवती दोनदा फिरली आणि म्हणाली, “काका, हे कुठून घेतलं? बिल्कुल हाताचं काम दिसतंय.” मी म्हटलं, घेतलं नाही, केलं. ती म्हणाली, “झूठ!” मी जाकीट काढलं आणि उलटं केलं. माझ्या कामाची आतली बाजू बाहेरच्याइतकीच स्वच्छ असते. एक दोरा लोंबत नाही. लोक जमले. बाई म्हणाली, “हे सगळे खण आहेत? ओटीचे? माय गॉड, काका.” मी एकेक तुकडा दाखवू लागलो. चौपन्न वर्षांच्या आयुष्यात माझ्याभोवती माणसं कधी जमली नव्हती, अलका. तेही लक्षात घे.

तू बायकांना हळदीकुंकू लावत होतीस. तबक हातात घेऊन आलीस. मला वाटलं, बघायला आलीस. तू हिरव्या तुकड्यावरच्या पिवळ्या डागावर बोट ठेवलंस. तो डाग मी दोनदा धुतला, गेला नव्हता. तू म्हणालीस,

“तांदूळ कुठायत?”

मी म्हटलं, “कुठले तांदूळ?”

कुणीतरी मागून म्हणालं, “वहिनी, तांदूळ किचनमध्ये!” आणि लोक हसले. मीही हसलो. तू तबक टेबलावर ठेवलंस आणि यतीनच्या बायकोला म्हणालीस, ‘माझं डोकं दुखतंय, घरी चल.’ दुसऱ्या दिवशी सकाळी यतीनकडे मी अंघोळ करून, जाकीट घालून तयार झालो तर तू म्हणालीस, ‘तुम्ही जा. मी थांबते.’ मला वाटलं, दोन दिवस.

तर ते तांदूळ. खणात काही असेल, पडलं असेल, माझ्या लक्षात आलं नाही. मी कापड बघतो. मी तेव्हा कापडच बघत होतो.

स्वरूपाबाईंचा फोन आला होता. जाकीट विकत मागतात. मी म्हटलं, बघू.

खालचा भाजीवाला रोज विचारतो, “भाभीजी नहीं दिखतीं, मायके गयी हैं?” मी म्हणतो, हां. तुझं माहेर कराडला होतं आणि आता तिथे कुणी नाही, हे त्याला काय सांगणार.

२८ तारखेला पंचवीस दिवस उरले.

बळवंत


९ फेब्रुवारी

अलका,

मागच्या पत्रात खोटं लिहिलं.

खणाच्या कोपऱ्याला गाठ होती. गाठीत चिमूटभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड होतं. गाठ घट्ट होती, वर्षानुवर्षं बसलेली. नखाने सुटेना, म्हणून उसवायचा आकडा आत घालून सोडवली. पाच-सात मिनिटं लागली. एवढ्या वेळात माणसाला हातात काय आहे ते कळतं.

तांदूळ बाल्कनीत कबुतरांना टाकले. सुपारी खिडकीत आहे. हळकुंड मी स्वयंपाकघरातल्या बरणीत टाकलं. काल बरणी उपडी केली. आत सात हळकुंडं निघाली. त्यातलं ते कुठलं, मला ओळखता येत नाही. मी, जो दोन कापडांतला एका धाग्याचा फरक ओळखतो. सातही वेगळी बांधून ठेवली आहेत. तुला ओळखता येईल.

आणखी एक. सहा चाळीसची बस आता मला घेत नाही. ३१ डिसेंबरला आमचा तपासणी विभाग बंद झाला. आता कॅमेरा टाके तपासतो. तुला मी सांगितलं होतं, ‘सुट्ट्या उरल्यात, वापरून टाकतो.’ जानेवारीत मी घरी बसून जाकीट शिवत होतो, ते सुट्टीवर नव्हे.

बळवंत


१६ फेब्रुवारी, रविवार

अलका,

जाकिटाची पाठ मी उसवली.

सोमवारी सुरुवात केली. बाहेरचं कापड तसंच ठेवून फक्त आतलं अस्तर. मशीनचा टाका उसवायला सोपा असतो, एक धागा ओढला की पुढचे सुटतात. पण मी बारीक टाका घातला होता, इंचाला चौदा. स्वतःच्याच चांगल्या कामाचा इतका राग मला कधी आला नव्हता. त्यात शिवणीसाठी माया फार कमी सोडली होती, जेमतेम चार मिलिमीटर, म्हणजे कडा उसवताना धागे निसटतात. भिंग लावून काम केलं. एका तुकड्याला दोन-दोन तास.

खण ऐंशी सेंटिमीटरचा होता. मी त्याचे बारा तुकडे केले होते, ते मला नक्की आठवतं. बेताचा कागदही आहे. सापडले अकरा.

बारावा डावीकडचा, खालचा, काठाचा. ज्याच्यावर डाग होता तो. घर उलटंपालटं केलं. मशीनखाली, चिंध्यांच्या पोत्यात, केराच्या पिशवीत. दोन दिवस. मला वाटलं, मीच कुठेतरी वापरला आणि विसरलो. माणूस विसरायला लागला की काय, अशी भीती वाटली. मग जाकीट परत उजेडात धरलं. त्या जागी शिवण उसवलेली नव्हती. कापड शिवणीलगत कापलेलं होतं, आखूड पात्याच्या कात्रीने, तीन वेळा कात्री सरकवून. माझी कात्री एवढ्या अंतरावर एकदाच सरकते.

ती नखं कापायची कात्री होती. यतीनच्या खोलीतल्या कपाटात असते. मी अंघोळीला गेलो होतो तेव्हा.

मी तो तुकडा तुझ्याकडून परत मागत नाही. मी घरी पोचेपर्यंत पाठीत भोक घेऊन मेट्रोत उभा होतो आणि मला कळलं नाही, एवढंच सांगतो.

आता जे तू कधी विचारलं नाहीस ते लिहितो. मला वाटायचं, तू विचारत नाहीस म्हणजे तुला माहीत आहे. आता वाटतं, नसेल.

१९९६. फरीदाबादची खोली. तुझी आई डोहाळजेवणाला तो खण घेऊन आली होती. म्हणाली, मुलगा होवो की मुलगी, बारशाला याची कुंची करायची, टोपडं वर आणि पाठीवर झूल. पण तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, सुईत दोरा ओवता येईना. तू बाळंतीण. मी म्हटलं, मी शिवतो. तुझी आई हसली होती. म्हणाली, ‘जावईबापू, कुंची शिवायची म्हणजे पोतं शिवणं नव्हे.’ मी म्हटलं, बाराव्या दिवसापर्यंत करून दाखवतो.

मला तेव्हा बटणसुद्धा लावता येत नव्हतं. घरमालकिणीचं मशीन मागून घेतलं. त्या खणाला एकदम कात्री लावायची मला भीती वाटली. एकच खण, चुकला तर दुसरा नाही. म्हणून कारखान्यातून उरलेले तुकडे आणले आणि त्यांच्यावर हात बसवू लागलो. पहिली कुंची पोरीच्या डोक्याला घट्ट झाली असती. दुसरीची झूल वाकडी. तिसरी बरोबर आली. तिसरी आठव्या दिवशी संध्याकाळी झाली. मी ठरवलं, आता दहाव्या दिवशी खण बेतायचा, आरामात, उजेडात.

नववा दिवस तुला माहीत आहे.

नाव ठेवायचं राहून गेलं. तुझ्या आईने खणाला गाठ मारली आणि तू तो ट्रंकेत ठेवलास. मी मात्र ते उरलेले तुकडे टाकले नाहीत. त्यांचं काहीतरी करत राहिलो. पिशवी, मग उशीचा अभ्रा, मग शर्ट. लोकांना वाटतं, मी कंजूष. तूही यतीनच्या लग्नात म्हणालीस, ‘एकदा तरी ठाणातून कापड घ्या, एकदा तरी मला माझ्या आवडीचा रंग निवडू द्या.’ मी म्हटलं, पैसे कशाला वाया घालवायचे. पैशाचं नव्हतं ते. मी अठ्ठावीस वर्षांत नव्या कापडाला कात्री लावलेली नाही. माझा हात थांबतो. त्या थांबण्यापायी तुझ्या अंगावर सगळं आयुष्य दुसऱ्याचे रंग आले. तुला कुठला आवडतो, हे मला आजही सांगता येणार नाही. एकोणीस ब्लाउज शिवले आणि विचारलं नाही.

तिसरी कुंची कुठे आहे, असं वाटेल तुला. मशीनच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, तेलाच्या डबीमागे.

डिसेंबरात काम गेलं. घरी बसून पहिल्यांदाच वाटलं, आता माझ्यापाशी हात सोडून काही नाही आणि हात मात्र तयार आहे. जसा त्या दहाव्या दिवशी हवा होता तसा. मला हिरवा लागत होता म्हणून मी तो घेतला नाही. ट्रंकेत इतर दोन हिरवे होते. मला तो पाठीला लागून हवा होता. कुणाला न दिसता, आतून. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हणून विचारलं नाही.

आणि मग शंभर माणसांसमोर मीच तो उलटा करून दाखवला.

बळवंत


२१ फेब्रुवारी

अलका,

यतीनशी बोललो. म्हणाला, ‘आई पत्रं वाचते, बाबा. वाचून उशीखाली ठेवते. मला दाखवत नाही.’ मी विचारलं, काय म्हणते? म्हणाला, ‘सामान बांधतेय.’ मग म्हणाला, ‘बाबा, तुम्ही सरळ या ना इथे. क्यों लेटर लेटर खेल रहे हो?’

मी द्वारकेत सेक्टर दहाच्या मेट्रोपर्यंत आलो होतो. बुधवारी. स्टेशनच्या जिन्याखाली पाऊण तास उभा राहिलो. आलो तर तू यतीनसमोर ‘चहा घ्या’ म्हणशील, मी घेईन, आणि तेवढ्यावर सगळं मिटल्यासारखं होईल. तसं मिटलेलं मला नको. शेअर ऑटोने परत आलो.

सात दिवस.

बळवंत


२४ फेब्रुवारी, सोमवार

अलका,

हे शेवटचं पत्र. हे उद्या पोचेल, म्हणजे तुझ्याकडे तीन दिवस राहतील.

खण जोडून झाला. मशीनवर नाही, हाताने. कडा कडेला भिडवून, एकावर एक न चढवता, म्हणजे शिवणीत कापड गेलं नाही. इंचाला अठरा टाके. उलट बाजूने शिवण बोटाला लागते, डोळ्याला दिसत नाही. तरी ऐंशीचा अठ्ठ्याहत्तर झाला आहे. दोन सेंटिमीटर माझ्या कात्रीने आणि उसवण्याने खाल्ले, ते मला परत आणता येणार नाहीत.

डावीकडे खाली भोक आहे. सोळा बाय अकरा. माझ्याकडे त्याच्या अगदी जवळचा दुसरा हिरवा आहे. लावला असता तर तुझ्याशिवाय कुणाला कळलं नसतं. लावला नाही.

त्याचं काय करायचं ते तू ठरव. कुंची कर म्हणालीस तर करीन. परत गाठ मार म्हणालीस तर तांदूळ तू घाल, मी घालणार नाही. मी त्याला आता कात्री लावणार नाही, सुईही नाही, तू सांगितल्याशिवाय. तो इथे पलंगावर पसरला आहे, मी खाली झोपतो. तू पुण्याला गेलीस तर हा तसाच तुझ्यामागे पाठवीन. पण अलका, मला तो पाठवायचा नाही. तुझ्याकडचा तुकडा घेऊन तू इथे यावंस असं मला वाटतं. मी याआधी कुणाकडे काही मागितलेलं नाही, म्हणून नीट मागता येत नाही. ये.

आता एक राहिलं. हे मोठेपणासाठी लिहीत नाही, यतीनकडून तुला उलटसुलट कळू नये म्हणून लिहितो.

शनिवारी स्वरूपाबाई स्वतः आल्या, मानेसरपर्यंत. तीन जिने चढून धापा टाकत म्हणाल्या, “काका, तुम्ही फोन उचलत नाही, बहुत ॲटिट्यूड है आपका.” मी चहा केला. त्या जाकिटाचे साठ हजार म्हणाल्या. परदेशात प्रदर्शन आहे, तिथे काचेत ठेवणार. मी म्हटलं, पाठ उसवली आहे. त्या म्हणाल्या, परत बसवा. मी म्हटलं, बसणार नाही. का? माझ्या तोंडून निघून गेलं. कुंची, बारावा दिवस, गाठ. तुझ्यानंतर मी हे पहिल्यांदाच कुणाला सांगितलं, आणि ते एका दुकानदार बाईला, याचंही मला वाईट वाटतं.

त्या रडल्या. खरं रडल्या, मी पाहिलं. त्यांनी पलंगावरच्या खणाला हात लावला नाही, हेही मी पाहिलं. मग नाक पुसलं आणि म्हणाल्या, “काका, हीच तर खरी गोष्ट आहे. जाकीट सगळे करतात. हा खण परत पाठीला लावा, असाच, भोकासकट. आणि तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते टॅगवर दोन ओळींत छापू. काकूंचं नाव नको हवं तर. मग बघा मी काय किंमत देते.”

त्यांनी पर्समधून कागद काढला, आकडा लिहिला आणि कपबशीखाली सरकवला. घराचं या महिन्याचं भाडं दिलेलं आहे, पुढच्याचं नाही. मी कागद उचलला, वाचला, घडी केली आणि त्यांच्या पर्समध्ये परत ठेवला. म्हणाल्या, “काका, आधी काकूंना विचारा तरी.”

मी म्हटलं, यावेळी विचारायच्या आधी नाही म्हणतो.

आकडा दोन लाख चाळीस हजारांचा होता.

बळवंत